कोळसा, हाडं, झुरळं आणि फ्रीजमधला फ्लॉवर

जयगडच्या बंदरात कोळशाची जहाजं लागतात आणि शेजारच्या १२०० मेगावॉटच्या प्रकल्पात त्या कोळशाची वीज होते. जयगडकरांना कोळसा रोजचाच. पण कोळशाने भिंती रंगवून एक मराठी माणूस २०२२ साली थेट व्हेनिसच्या बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात पोचला, हे किती जणांना ठाऊक आहे?

त्यांचं नाव प्रभाकर पाचपुते. जन्म १९८६, गाव सास्ती, जिल्हा चंद्रपूर. घरच्या तीन पिढ्या कोळसा खाणीत राबलेल्या. पाचपुते हातात घेतात तो चित्रकाराचा लाकडी कोळसा, पण विषय खाणीचाच. त्यांची माणसं पहिल्यांदा पाहताना दचकायला होतं. धड माणसाचं आणि मानेवर डोक्याच्या जागी भलतंच काही: कधी खाणीतला दिवा, कधी एखादं अवजार. जमीन गेली, गाव खाणीच्या कडेला आलं, माणूस कामाच्या हत्याराएवढाच उरला, हे सगळं एका आकृतीत येतं. वेल्समधला ‘आर्टेस मुंडी’ हा मोठा पुरस्कार त्यांना २०२१ मध्ये मिळाला. त्या वर्षी तो अंतिम फेरीतल्या सहाही कलावंतांना मिळून दिला गेला. आजच्या मराठी चित्रकारांत मला सर्वांत आधी पाचपुत्यांचं नाव घ्यावंसं वाटतं.

आता हाडांकडे वळू. दांडीयात्रेच्या आदल्या दिवशी, ११ मार्च १९३० रोजी, गांधीजींनी भाषण केलं होतं. मुंबईच्या जितीश कलाट यांनी २००७ मध्ये ते अख्खं भाषण ४,४७९ अक्षरांत उभं केलं. फायबरग्लासचं प्रत्येक अक्षर हाडाच्या आकाराचं! लांबून सुबक मजकूर दिसतो आणि जवळ गेलं की उत्खननातले सांगाडे फळीवर मांडून ठेवल्यासारखं वाटतं. शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह ज्या कोकणाने पाहिला, त्याला हे काम जास्तच भिडावं. त्याच वर्षी कलाट यांनी एक रिक्षाही केली, तीही नखशिखान्त हाडांची. दंगलीत जळलेल्या गाड्यांचे सांगाडे त्यामागे होते. आणि ‘एपिलॉग’ या कामात त्यांनी आपल्या वडिलांनी आयुष्यभर पाहिलेले सगळे चंद्र मांडले, बावीस हजारांहून जास्त. प्रत्येक चंद्र म्हणजे पोळी, कलेकलेने खाल्ली जाणारी. एका माणसाचं आयुष्य इतक्या पोळ्यांचं असतं, हे पाहून पोटात कालवतं.

झुरळांचा किस्सा छोटा आहे. हेमा उपाध्याय यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या प्रदर्शनासाठी २,००० झुरळं हाताने घडवली, खरी वाटावीत अशी, आणि दालनभर सोडून दिली. माणसं युद्धात संपली तर मागे कोण उरेल, हा त्यांचा प्रश्न होता.

ठाण्यात जन्मलेल्या प्राजक्ता पोटनीस यांना हीच भीती स्वयंपाकघरात सापडली. त्या फ्रीजच्या आत मांडणी करतात आणि तिचे फोटो काढतात. त्यातल्या एका फोटोत फ्लॉवरचा गड्डा गारठ्यात असा दिसतो की अणुस्फोटाचा ढगच आठवावा. माडबनच्या नियोजित अणुप्रकल्पावर वर्षानुवर्षं वाद झडलेल्या रत्नागिरी जिल्ह्यात हा फ्लॉवर कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.

‘असली चित्रं आपल्याला कळत नाहीत’ असं म्हणणाऱ्यांशी मी मनापासून भांडतो. जयगडच्या किल्ल्याची दंतकथाच घ्या. तट उभा राहीना, तेव्हा जयबा नावाच्या तरुणाने स्वतःचा बळी दिला आणि मग बांधकाम टिकलं, असं सांगतात. शिमग्यात काळ्या कपड्यांतला, पांढऱ्या दाढीचा, उंच टोपीचा संकासुर अंगणात नाचतो आणि पोरं आईच्या पदराआड लपतात. राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधे उभा असलेला माणूस कातळात कोरलेला आहे. भेदरवणारी चित्रं कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहेत.

तटाखाली कोण गाडलं गेलं, हा प्रश्न नागपूरचे सवी सावरकर आपल्या पद्धतीने विचारतात. अस्पृश्यतेची खूण म्हणून गळ्यात मडकं आणि मागे झाडू बांधलेला माणूस त्यांच्या चित्रांतून परत परत समोर येतो. रंग गडद, रेषा ओरबाडल्यासारखी. ती चित्रं दिवाणखान्यात शोभेला लावण्यासाठी नाहीतच.

गोव्याच्या सुबोध केरकरांना तर समुद्रच भागीदार लागतो. पेशाने डॉक्टर, पण दवाखाना सोडून ते पूर्णवेळ कलेत आले. शिंपले, वाळू, जुन्या होड्यांची लाकडं हे त्यांचं सामान. किनाऱ्यावर काम मांडायचं आणि बाकीचं भरती-ओहोटीवर सोपवायचं. पिळर्णला त्यांनी ‘म्युझियम ऑफ गोवा’ उभारलं आहे. तिथे जरूर जा.

एक गंमत परदेशातली. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं ‘डिसेंट इनटू लिंबो’ म्हणजे जमिनीतला खड्डा, आतून इतका काळा की जमिनीवर रंगवलेलं सपाट वर्तुळच वाटावं. २०१८ मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात एक प्रेक्षक त्यात चक्क पडला. खड्डा सुमारे अडीच मीटर खोल होता. त्याला रुग्णालयात न्यावं लागलं, पण तो सुखरूप बचावला.

मुंबईला कामासाठी गेलात तर तासभर काढून काळा घोडा आणि कुलाब्याच्या गॅलऱ्यांत डोकवा. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेश मोफत आहे, खासगी गॅलऱ्यांतही सहसा तिकीट नसतं, आणि काही विकत घ्याल अशी कुणाची अपेक्षाही नसते. सोबत मुलांना न्या. त्यांना प्रश्न विचारू द्या.