एक रिपोर्ट म्हणतो ‘आहे’, दुसरा म्हणतो ‘नाही’

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर, म्हणजे पूर्वीच्या कर्झन रोडवर, 2013 पासून नवे महाराष्ट्र सदन आहे. समजा, मोठ्या इस्पितळात दाखवायला आलेले एक काका तिथे उतरले आहेत आणि त्यांच्या फायलीत दोन कागद आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी गावाकडे केलेल्या कार्ड टेस्टवर ‘एचसीव्ही रिॲक्टिव्ह’ असा शेरा, तर दिल्लीतल्या पीसीआरवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’. घरच्यांचा सरळ प्रश्न: कोणती लॅब चुकली?

बहुतेक वेळा कोणतीच नाही.

कार्ड टेस्ट किंवा एलायझा हिपॅटायटिस सीच्या विषाणूला, म्हणजे एचसीव्हीला, शोधतच नाही. विषाणूशी लढताना शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, ती शोधते. पीसीआर मात्र रक्तात विषाणूचा आरएनए आज आहे का, हे पाहते. लागण झालेल्यांपैकी साधारण 15 ते 45 टक्के लोकांच्या शरीरातून हा विषाणू सहा महिन्यांच्या आत औषधावाचून निघून जातो. अँटिबॉडी मात्र वर्षानुवर्षे राहतात. काकांना पूर्वी कधी रक्त चढवले होते का, हे म्हणूनच विचारायला हवे. हा विषाणू सापडला 1989 मध्ये; त्याआधी रक्ताच्या पिशवीत तो शोधण्याची सोयच नव्हती. त्याच्या शोधासाठी हार्वी ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना 2020 चे नोबेल मिळाले.

दुसरी शक्यता अशी की पहिली टेस्टच खोटी पॉझिटिव्ह असेल. एलायझाच्या रिपोर्टवर शेऱ्याशेजारी एक आकडा छापलेला असतो, त्याकडे कुणी बघत नाही. बहुतेक किटमध्ये 1 च्या वर गेला की ‘रिॲक्टिव्ह’. पण 1.3 आणि 13 यांत फार फरक आहे. जेमतेम रेषा ओलांडणारा निकाल, विशेषतः लागणीचे कोणतेच कारण दिसत नसेल तेव्हा, अनेकदा खोटा ठरतो. त्या एका शब्दावरून माणसाला घरात वेगळे ताट-वाटी देणे हा निव्वळ अन्याय आहे. हा आजार जेवणातून पसरत नाही, रक्तातून पसरतो.

उलटेही घडते. लागणीनंतर एक-दोन आठवड्यांत पीसीआर विषाणू पकडते. अँटिबॉडी दिसायला साधारण आठ ते अकरा आठवडे लागतात. मधल्या काळात एलायझा निगेटिव्ह येते आणि माणूस निर्धास्त होतो. डायलिसिसवरच्या रुग्णांत कधीकधी अँटिबॉडी पुरेशा तयारच होत नाहीत. आईला लागण असेल तर तिच्या अँटिबॉडी बाळातही उतरतात, म्हणून बाळाची अँटिबॉडी टेस्ट दीड वर्षानंतरच अर्थपूर्ण ठरते.

पीसीआरही अचूकच, असे धरून चालू नये. नमुन्यातला प्लाझ्मा वेळेत वेगळा करून थंड ठेवला नाही, तर आरएनए नष्ट होतो. लागण गेल्या सहा महिन्यांतली असण्याची शंका असेल, तर एक निगेटिव्ह पीसीआर पुरेशी नाही. ती पुन्हा करायची. ‘डिटेक्टेड, 15 पेक्षा कमी’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही. विषाणू आहे, पण मोजता येत नाही इतका थोडा. आणि एका लॅबमध्ये व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, 8 लाख, दुसरीत 12 लाख आला म्हणून आजार वाढला असेही नाही. तिपटीपर्यंतचा फरक मोजणीतच येऊ शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात सुमारे 55 लाख लोकांना हिपॅटायटिस सी होता. त्यांतल्या कुणालाही पैशांअभावी पहिल्याच टेस्टवर थांबावे लागू नये. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधे मोफत आहेत. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचे बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट यंत्र पीसीआर छोट्या दवाखान्यापर्यंत नेऊ शकते. यकृताचा सिरॉसिस नसेल तर साधारणपणे सोफोसबुविर आणि डाक्लाटासविर या गोळ्यांचा बारा आठवड्यांचा कोर्स असतो आणि बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात.

कोर्स संपल्यावर बारा आठवड्यांनी पीसीआर निगेटिव्ह आली की रुग्ण बरा झाला असे मानतात. त्यानंतरही अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्हच येत राहते. तो शेवटचा पीसीआर रिपोर्ट फायलीत सगळ्यात वर लावावा आणि पुढच्या कोणत्याही ऑपरेशनआधी डॉक्टरांपुढे आधी तोच ठेवावा. नव्याने लागण झाल्याची शंका आली, तर सरळ पीसीआरच करून घ्यावी.