असं का होतं? : खिडक्याच खिडक्या, मग छत कशावर?

पडायला आलेल्या भिंतीला आपण बाहेरून टेकू देतो. इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या ब्लायबरो या छोट्या गावचं 15व्या शतकातलं होली ट्रिनिटी चर्च पाहताना तोच टेकू आठवतो. टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीतल्या या चर्चच्या भिंतींत खिडक्याच डोळ्यांत भरतात. मग छत पेलतं कोण?

घडीची शिडी आठवा. पाय फार फाकवले, तर ते बाहेर घसरतात. जवळ घेतले, की वजन जमिनीत उतरतं. अर्धगोल कमान म्हणजे फाकलेले पाय, टोकदार कमान म्हणजे जवळ घेतलेले. तिचा बाजूला जाणारा रेटा कमी, म्हणून आतल्या सडपातळ खांबांवर खिडक्यांची वरची भिंत उभी राहते. बाहेर दोन खिडक्यांच्या मध्ये दगडी टेकू आहेत. ते भिंतीला बाहेर झुकू देत नाहीत.

शिवाय इथलं छत लाकडी, म्हणजे दगडी घुमटाकार छतापेक्षा कितीतरी हलकं. मान वर केली, की तुळयांवर पंख पसरलेले लाकडी देवदूत दिसतात. 4 ऑगस्ट 1577च्या वादळात मनोऱ्याचं शिखर कोसळलं. देवदूत मात्र आजही तिथेच आहेत!