करंडक आणि नॉक्टिल्यूका

जबलपूरजवळ भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून वाहणारी नर्मदा भडोचपुढे खंबायतच्या आखातास मिळते. वाटेतील खडकांतून विरघळलेली सिलिका ती सोबत नेते. समुद्रातील करंडक नामक एकपेशीय वनस्पती अशाच सिलिकेपासून आपले काचेसारखे कवच घडवितात.

अशा वनस्पतिप्लवकांची केवळ नावे नोंदवून भागत नाही. आकारमान, कवच, अन्न मिळविण्याची रीत हे त्यांचे गुणधर्म पाहिले म्हणजे पाण्यात काय बदलले ते कळू लागते. आपल्या अरबी समुद्राचेच पाहा. तेथे हिवाळ्यात करंडकांना बहर येत असे. या शतकाच्या आरंभापासून त्यांची जागा हिरवा नॉक्टिल्यूका घेऊ लागला. हा जीव साध्या डोळ्यांनाही ठिपक्यासारखा दिसतो. तो इतर प्लवक गिळतो. शिवाय देहात हिरवे सहजीवी शैवल बाळगून त्यांच्याकडूनही अन्न मिळवितो. असा दुहेरी संसार करंडकांना कोठून साधणार! हेल्गा गोम्स, जोकिम गोएस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखविले की, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात या सहजीवींचे कार्बन-ग्रहण उलट वाढते.

करंडकांवर जगणारे व माशांचे खाद्य होणारे चिमुकले कवचधारी प्राणी नॉक्टिल्यूकाला सहसा शिवत नाहीत. त्याच्यावर ताव मारतात ते साल्पसारखे लिबलिबीत प्राणी. आणि कोळ्याच्या जाळ्यात त्यांना मोल नाही.