कोणता विषय घरी गेला?

कॉलेजात जाणाऱ्या मुलाला “यंदा काय शिकलास?” असे सहसा विचारू नये. विचारलेच, तर दोनपैकी एक उत्तर मिळते. एक, “बरंच काही”, दुसरे, “पोर्शन झाला.” पहिल्या उत्तराने आईचे समाधान होते, दुसऱ्याने वडिलांचे, आणि मुलाची सुटका दोहोंनीही होते. वर्षभर एक मुलगा किंवा मुलगी सकाळी एस.टी. गाठते, दुपारी परत येते, परीक्षा देते. या जाण्यायेण्यात नेमके काय घडले, हे मात्र गुणपत्रिका सांगत नाही आणि तेही सांगत नाहीत.

त्यातून हल्ली विषयांची गर्दी फार. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली न्यायमूर्ती रानड्यांसारखे त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले, तेव्हा काय शिकायचे हे विद्यापीठ ठरवी आणि विद्यार्थी निमूट शिके. आमच्या विद्यार्थिदशेपर्यंत फारसा फरक पडला नव्हता. २०२० साली नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत त्याप्रमाणे वर्ग सुरू झाले. आता पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या ताटात मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्याचा विषय, भाषेचा विषय, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली आणि वर योग किंवा खेळ, एवढे सगळे वाढलेले असते. प्रत्येक पदार्थाचे वजन ‘श्रेयांका’त मोजायचे. साधारण पंधरा तासांच्या शिकवणीला एक श्रेयांक, प्रात्यक्षिक असेल तर तीस तासांना एक. वर्षाअखेर असे ४० ते ४४ श्रेयांक पदरी पडले पाहिजेत. टिळकांनी डेक्कन कॉलेजातले आपले पहिले वर्ष अभ्यासापेक्षा तालमीत आणि पोहण्यात घालविले, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. ते आज असते, तर निदान व्यायामाचे दोन श्रेयांक त्यांच्या खाती खात्रीने जमा झाले असते!

थट्टा सोडली, तरी प्रश्न उरतोच. एवढे विषय घेऊन विद्यार्थ्याच्या हाती काय लागते? दुसऱ्या सत्राच्या शेवटी भाषेच्या तासाला मला एक लेखन द्यायचेच होते. ‘आमची सहल’ आणि ‘मोबाइल : शाप की वरदान’ यांना फाटा देऊन मी फळ्यावर विषय लिहिला : ‘यंदाचा कोणता विषय तुमच्याबरोबर घरी आला?’ अटी दोन. गुणांविषयी लिहायचे नाही आणि कोणत्याही प्राध्यापकाची स्तुती करायची नाही. दुसरी अट ऐकून वर्गातल्या निम्म्या मुलांचा पहिला परिच्छेद जागच्या जागी बाद झाला, असे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसले.

बासष्ट निबंध आले. काही अगदीच सरळ होते. एकाने लिहिले की सगळे विषय दप्तरात बसून घरी आले आणि दप्तरातूनच परत गेले. दुसऱ्याने पर्यावरणाच्या प्रकल्पाबद्दल लिहिले. तो त्याने झेरॉक्सच्या दुकानातून तयार विकत घेतला होता, त्यामुळे प्रकल्प घरी आलाच नाही. दुकानातून थेट टेबलावर गेला. या प्रामाणिकपणाला गुण कोणत्या रकान्यात द्यावेत, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

पण काही विषय खरोखरच घरी गेले होते.

वाणिज्य शाखेच्या एका मुलाने मोडी लिपीचा छोटा अभ्यासक्रम घेतला होता. आधी सबंध ओळ आखायची, मग तिला अक्षरे टांगत, हात शक्यतो न उचलता लिहीत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाची फारशी पत्रास ठेवायची नाही. हे शेवटचे ऐकून त्याने विषय निवडला, असे तो लिहितो. दिवाळीच्या सुटीत त्याने आजोबांची पत्र्याची पेटी उघडली. आत एक जुना कर्जरोखा होता. सगळा काही लागला नाही. पण चाळीस रुपये हा आकडा लागला, महिन्याच्या व्याजाचा दर लागला आणि खाली एक लहानसा नांगर काढलेला दिसला. शेजारी शब्द होता, ‘निशाणी’. लिहिता न येणारा शेतकरी सहीच्या जागी नांगराची खूण करी, हे त्याला वर्गात सांगितलेले होते. पण तो नांगर आपल्या खापरपणजोबांचा असेल हे सांगितलेले नव्हते. मग मुलाने हिशेबाच्या तासाला शिकलेली रीत लावून त्या चाळीस रुपयांचे दहा वर्षांचे चक्रवाढ व्याज काढले आणि तो आकडा आजोबांना वाचून दाखविला. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणून ओढ्याकडची पट्टी गेली.” वेळापत्रकात सोमवारी आणि गुरुवारी असणारे दोन विषय त्या घरात एका कागदावर भेटले.

संगणकशास्त्राच्या एका मुलीने भारतीय ज्ञान प्रणालीविषयी लिहिले. तिची तक्रार होती की बऱ्याच तासांना नुसती नावे आणि ग्रंथ पाठ करायचे असतात. ‘आपल्याकडे सर्व काही होते’ एवढे म्हटले की प्रश्न विचारायला जागाच राहत नाही. मात्र एका तासाला छंदःशास्त्र निघाले. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग चार मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येईल? तिने कागदावर मांडून पाहिले : पाच प्रकारे. पाच मात्रांची आठ, सहा मात्रांची तेरा. १, २, ३, ५, ८, १३ – प्रत्येक संख्या मागच्या दोहोंची बेरीज! ही मालिका तिने प्रोग्रॅमिंगच्या तासाला फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या नावाने शिकली होती. त्याचा ग्रंथ १२०२ सालचा. आपल्याकडे विरहांकाने आणि पुढे बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी हीच मालिका वृत्तांच्या मोजणीतून सांगितली होती. मुलीला अभिमान वाटलाच; पण तिने लिहिले आहे की खरा आनंद ‘आपण आधी’ यापेक्षा ‘मी स्वतः मोजून काढले’ याचा होता. त्या रात्री तिने आईच्या तोंडच्या ओव्यांच्या मात्रा मोजायला घेतल्या आणि ओवी कशी कुठल्याच मापात नीट बसत नाही, हेही तिला कळले. मराठीच्या अध्यापकाला यापरते काय हवे?

आता ज्या निबंधासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो.

ही मुलगी कलाशाखेची. रोज चौदा किलोमीटरवरून येई. तिने पर्यावरणाबद्दल लिहिले होते. हा विषय सक्तीचा होण्यामागे १९९१ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे, एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर तो दिला गेला आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. बहुतेकांना तो ‘सुटायचा’ विषय वाटतो. या मुलीने मात्र प्रकल्पासाठी घरची विहीर धरली. दोराला हाताहातावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि डिसेंबरपासून दर रविवारी दोर तळापर्यंत सोडून भिजलेल्या गाठी मोजून वहीत लिहू लागली. पहिल्या रविवारी चौदा हात. वडील हसले. विहिरीला परीक्षेला बसवलंय का, म्हणाले. जानेवारी संपता संपता पाणी दहा हातांवर आले आणि एका संध्याकाळी वडिलांनीच विचारले, “किती भरलं गं?” वही पाहून त्यांनी दोन एकरांऐवजी एकाच एकरात उन्हाळी भुईमूग केला. एप्रिलात विहिरीत तीन हात पाणी होते. एक एकर निभावला. निबंधात ती लिहिते की वडिलांनी तिला आजवर अनेक कामे सांगितली, पण सल्ला प्रथमच विचारला.

निबंधाची शेवटची ओळ अशी होती, की पुढच्या वर्षी ती कॉलेजात येणार नाही.

पर्यावरण शिकविणाऱ्या आमच्या सहकारी बाई आणि मी तिच्या घरी गेलो. वडील मायाळू गृहस्थ. चहा झाला, भुईमुगाच्या शेंगा झाल्या. धाकटा मुलगा बारावीला, खर्च दोघांचा झेपत नाही, मुलीसाठी एक स्थळही आलेले. आम्ही बोलत राहिलो. शेवटी ते म्हणाले, “सर, एका वर्षावर सर्टिफिकेट मिळतं म्हणतात. दार तुम्हीच ठेवलंय. आम्ही कुठं भिंत पाडतोय?”

त्यांचे म्हणणे कागदावर बरोबर होते. नव्या रचनेत पहिल्या वर्षाचे श्रेयांक मिळवून, आणखी चार श्रेयांकांचा व्यवसायाभिमुख अभ्यास पुरा केला, तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. तीन वर्षांच्या आत परत येता येते, सात वर्षांच्या आत पदवी पुरी करता येते. मिळविलेले श्रेयांक ‘अकॅडेमिक बँक’ नावाच्या खात्यात राहतात. पूर्वी मध्येच शिक्षण सुटलेल्या मुलाच्या हाती ‘नापास’ किंवा ‘अपूर्ण’ एवढाच शब्द राही. त्या मानाने ही सोय मोलाची आहे. नोकरीसाठी वर्षभर थांबणाऱ्या मुलाला हे दार वरदानच. परंतु दार कोणासाठी उघडते आणि कोणावर बंद होते, हे घराघरांवर अवलंबून असते. ज्या घरात मुलीला थांबवायचेच असते, तिथे हे दार कारण म्हणून पुढे केले जाते. बाहेर पडायचा नियम लेखी आहे. परत बोलावायचे काम कोणाचे, ते कुठेच लिहिलेले नाही.

जूनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या यादीत तिचे नाव नव्हते. लग्नही अजून ठरलेले नाही. दर रविवारी संध्याकाळी बाईंच्या मोबाइलवर एक आकडा येतो. मागेपुढे काही मजकूर नसतो. पावसाळ्यात तो वाढत गेला. विषय अजून तिच्या घरी आहे. विद्यार्थिनी तेवढी आमच्याकडे नाही.

म्हणून बाईंनी आणि मी एक साधी वही केली आहे. पहिल्या वर्षानंतर जे थांबले त्यांची नावे, गाव, कारण आणि परत येण्याची मुदत असे तिचे चार रकाने. दर मे महिन्यात त्यातल्या प्रत्येक घरी फोन करायचा, जमेल तिथे जाऊन यायचे. यंदा नावे अकरा आहेत, त्यांपैकी आठ मुलींची. अशी वही ठेवायला कोणत्याही कॉलेजाला अनुदान लागत नाही. सात वर्षे श्रेयांक सांभाळणारी बँक आहे. खातेदाराची वाट पाहणारे कोणी तरी असायला हवे.

आणि वाचकहो, हा अंक तुमच्या हाती असेल तेव्हा घरोघरची मुले दिवाळीच्या सुटीवर आलेली असतील. त्यांना किती टक्के पडले ते विचारू नका. ते निकालाच्या दिवशी कळेलच. कोणता विषय तुझ्याबरोबर घरी आला, एवढे विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तोवर फराळाचे ताट पुढे करा आणि थांबा. उत्तर आले, तर ते जिच्याकडून किंवा ज्याच्याकडून आले, त्याचे पुढचे वर्ष थांबविण्यापूर्वी त्या विहिरीच्या दोराची एकवार आठवण ठेवा.