भातखाचराचे पोषण, नदीचे रक्षण आणि नियमांचा भार : वाशिंद परिसराच्या आधारे एक विवेचन

जमिनीला कोणते खत द्यावे व किती द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता शेतकरी आणि त्याचे शेत यांच्यापुरताच मर्यादित वाटतो. परंतु खाचरात टाकलेले खत खाचरातच राहते असे नाही. त्याचा काही अंश पिकाच्या मुळांना मिळतो, काही वाऱ्यावर उडून जातो आणि काही ओहळांच्या वाटेने नदीला मिळतो. या तिसऱ्या अंशामुळेच शेतीच्या पोषणाचा प्रश्न सार्वजनिक हिताचा होतो व तेथे शासनाचा नियम येतो. नियम शिथिल केले तर पाणी बिघडण्याची भीती. कडक ठेवले तर लहान शेतकरी त्यांच्या भाराखाली दबण्याची भीती. या दोहोंमधून वाट कशी काढता येईल, याचा विचार ठाणे जिल्ह्यातील वाशिंद, शहापूर व मुरबाड या परिसराच्या आधारे करणे बोधप्रद ठरेल.

या परिसराची निवड सहेतुक आहे. भातसा धरणातून सोडलेले पाणी नदीच्याच पात्रातून खाली येते, वाशिंद व खडवलीच्या शिवारांजवळून जाते आणि भिवंडी तालुक्यातील पिसे येथील बंधाऱ्यापाशी मुंबई महानगरासाठी उचलले जाते. मुंबईच्या दैनंदिन पुरवठ्यापैकी सुमारे निम्मे पाणी एकट्या भातसेचे असते. म्हणजे ज्या नदीकाठी भात व भाजीपाला पिकतो, तीच नदी एका महानगराची तहान भागविते. दुसरीकडे, याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाण्याच्या रक्षणाचा भार कोणावर पडतो आणि लाभ कोणाला होतो, हा न्यायाचा प्रश्न येथे तंत्राच्या प्रश्नाला लागूनच उभा आहे.

राब आणि जंगलाचा कायदा

पोषकद्रव्यांच्या नियमनाचा या भूमीतील पहिला मोठा प्रसंग रासायनिक खतांच्या कितीतरी आधीचा आहे. तो राबाचा होय. कोकणपट्टीतील भातशेतीत रोपांच्या वाफ्यावर उन्हाळ्यात शेण, झाडांचे टाहळ, पालापाचोळा व गवत यांचे थर रचून वर बारीक माती पसरतात आणि ते सावकाश जाळतात. या भाजलेल्या जमिनीत पावसाच्या आरंभी बी पेरून रोपे वाढवितात. दरसाल 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या, विद्राव्य द्रव्ये धुपून गेलेल्या जमिनीत जोमदार रोप मिळविण्याची ही जुनी पद्धती आहे. टाहळासाठी ऐनासारखी झाडे व गवतासाठी वरकस जमीन हा भातशेतीचा अविभाज्य भाग मानला जात असे.

1878 च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांची व्याप्ती वाढली आणि टाहळ तोडण्यावर निर्बंध आले. वनखात्याच्या दृष्टीने ही वृक्षांची नासाडी होती. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो त्याच्या भाताच्या खतावर घातलेला प्रतिबंध होता. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष इतका वाढला, की 1885 मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. 1887 मध्ये सादर झालेल्या त्याच्या अहवालात राबाच्या प्रश्नाला महत्त्वाचे स्थान होते.

या वादातून शास्त्रीय जिज्ञासा जागी झाली, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातील ओझॅन यांनी राबाचे तुलनात्मक प्रयोग केले. 1893 मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदी शेतीवरील आपल्या अहवालात डॉ. व्होल्कर यांनी राबाची दखल घेतली. शेण सरपणात जळू नये यासाठी गावालगत जळण व चाऱ्याची वने राखावीत, असा आग्रहही त्यांनी धरला. पुढे 1912 मध्ये पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरोल्ड मान आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी राबपद्धतीवर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. राबाचा गुण केवळ राखेत नसून माती तापल्याने तिच्यातील द्रव्ये अधिक विद्राव्य होण्यातही आहे, हे या अभ्यासाने पुढे आले. तणांचे बी जळून जाते, हा लाभ शेतकऱ्याला पूर्वीपासून ठाऊक होताच.

या इतिहासाचा बोध सरळ आहे. नियम आधी आला व मोजणी मागाहून आली. शेतकऱ्याची रीत नेमके कोणते कार्य करते हे न जाणता तिच्यावर बंधन घातले, तर कायद्याचा हेतू शुद्ध असूनही तो अन्यायकारक ठरतो. याचा अर्थ राब निर्दोष होता असा मात्र नव्हे. टाहळ अनिर्बंध तोडले तर टेकड्या उघड्या पडतात, धूप वाढते आणि जाळण्यात सेंद्रिय द्रव्य व नत्र वाया जाते. वनखात्याची चिंता खरी होती, तशी शेतकऱ्याची गरजही खरी होती. उणीव होती ती दोहोंना जोडणाऱ्या ज्ञानाची.

आजचा कायदा : पोत्यावर कडक, शेतात मूक

रासायनिक खते रूढ झाली तसा नियमनाचा रोख जंगलाकडून दुकानाकडे वळला. 1955 च्या जीवनावश्यक वस्तू अधिनियमाखाली 1957 मध्ये खत नियंत्रण आदेश निघाला व त्याची जागा 1985 च्या आदेशाने घेतली. या आदेशान्वये खताची प्रत, पोत्यावरील मजकूर, विक्रेत्याची नोंद, मालाच्या उगमाचे प्रमाणपत्र, मिश्रखत तयार करण्याचा परवाना व नमुन्यांची तपासणी यांचे तपशीलवार नियमन होते. 2006 पासून जैविक व सेंद्रिय खतेही त्याच्या कक्षेत आली. भेसळीपासून शेतकऱ्याचे रक्षण हा या साऱ्याचा मूळ हेतू असून तो योग्यच आहे.

परंतु हा कायदा पोत्यापाशी सुरू होतो आणि पोत्यापाशीच संपतो. पोते फोडल्यानंतर ते कोणत्या खाचरात, कोणत्या दिवशी, किती प्रमाणात पडले याविषयी तो काही बोलत नाही. नदीला धोका मात्र तेथूनच सुरू होतो. यात किमतीच्या धोरणाची भर पडते. 2010 मध्ये पोषकद्रव्यांवर आधारित अनुदानाची योजना आली, तेव्हा स्फुरद व पालाशाची खते तिच्यात आली, युरिया मात्र नियंत्रित किमतीतच राहिला. स्वाभाविकच नत्राकडे ओढ वाढली. 2015 मध्ये सर्व युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला व 2018 मध्ये पोते 50 किलोंवरून 45 किलोंवर आले. हे उपाय अप्रत्यक्ष आहेत. स्वस्ताईचे आकर्षण ते नाहीसे करीत नाहीत.

त्याच 2015 साली आलेल्या मृद्‌ आरोग्य पत्रिकेचा हेतू शेताच्या गरजेनुसार खत देण्याचा होता. तथापि मूळ योजनेत बागायतीसाठी अडीच हेक्टरांना व जिरायतीसाठी दहा हेक्टरांना एक नमुना असे प्रमाण होते. शहापूर–मुरबाडच्या उतारांवर एकाच दहा हेक्टरांत माथ्याची हलकी वरकस, मधली खाचरे व तळाची पाणथळ जमीन अशा तीन परी आढळू शकतात. एका नमुन्याचा निष्कर्ष तिन्हींना लावणे शास्त्रसंमत ठरत नाही.

चारसूत्री पद्धतीची साक्ष

नियमांचा भार न वाढविता नदीचे रक्षण होऊ शकते, याचे एक चांगले उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीची सूत्रे अशी : भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाच्या पाल्याचे हिरवळीचे खत, नियंत्रित अंतरावर लावणी आणि युरिया व डीएपी यांच्या गोळ्या जमिनीत खोचणे. लावणीत 15 व 25 सेंटिमीटर अशी आलटून पालटून अंतरे ठेवतात आणि चार चुडांच्या चौकोनात 2.7 ग्रॅमची एक गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल दाबतात. हेक्टरी सुमारे 62,500 गोळ्या, म्हणजे सुमारे 170 किलो खत लागते.

या खोलीचे रहस्य खाचराच्या रसायनात आहे. युरिया पाण्यावर फेकला की त्याचे लवकरच अमोनियममध्ये रूपांतर होते. दिवसा पाण्यातील शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, पाण्याचा अल्कधर्म वाढतो व अमोनिया वायुरूपाने उडून जातो. पृष्ठभागाजवळच्या प्राणवायुयुक्त पातळ थरात काही अमोनियमचे नायट्रेट बनते. ते खालच्या प्राणवायुहीन थरात झिरपले की त्याचे नायट्रोजन व नायट्रस ऑक्साइड या वायूंत विघटन होते. मुसळधार पावसात बांधावरून वाहणारे पाणी उरलेला भाग ओढ्यात नेते. हीच गोळी खोल चिखलात ठेवली असता नत्र अमोनियमच्या रूपात चिकणमातीच्या कणांना धरून राहते व मुळांना हळूहळू मिळते. म्हणून कमी नत्रात पीक साधते आणि ओढ्यात जाणारा अंश घटतो. शेतकऱ्याची बचत व नदीचे रक्षण या येथे दोन वेगळ्या गोष्टी उरत नाहीत.

अर्थात या पद्धतीला मर्यादा आहेत. पाणी न धरणाऱ्या रेताड जमिनीत ती तितकी उपयोगी नाही. हजारो गोळ्या हाताने खोचण्यास मजूर लागतात आणि लावणीच्या दिवसांत मजुरांची टंचाई असते. शिवाय दोन मान्यताप्राप्त खतांची गोळी विक्रीसाठी तयार करणे हे कायद्याच्या दृष्टीने नवे उत्पादन ठरू शकते व त्यास परवान्याची प्रक्रिया लागू होऊ शकते. गावच्या लहान यंत्रचालकाला हा भार मोठ्या कारखान्याइतका सहज पेलत नाही.

शिथिलतेची कसोटी

यावरून नियम सैल करण्याचे एक तत्त्व निष्पन्न होते : जेथे धोका नाही तेथे भार नसावा, आणि जेथे धोका आहे तेथे सूट नसावी. सेंद्रिय खताचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. विक्रीच्या गांडूळखतात शिसे, कॅडमियम आदी जड धातूंच्या मर्यादा आदेशाने घालून दिल्या आहेत. शहरी कचऱ्यापासून केलेल्या खतात हे धातू येण्याचा संभव खरा असल्याने तेथील तपासणी सैल करणे घातक होईल. परंतु आपल्याच गोठ्यातील शेण व शेतातील पाला यांपासून केलेले खत शेजारच्या गावी विकणाऱ्या बचत गटालाही तोच पत्रव्यवहार करावा लागावा, यात पर्यावरणाचा लाभ नाही. अशा गटांसाठी उगमाची साधी नोंद व अधूनमधून अकस्मात तपासणी पुरेशी ठरू शकेल. मान्यताप्राप्त कच्च्या मालापासून गावातच केलेल्या गोळ्यांनाही हाच न्याय लावता येईल.

मात्र सूट बिनशर्त असू नये. युरोपीय समुदायाच्या 1991 च्या नायट्रेट निर्देशाने धोक्याच्या क्षेत्रांत जनावरांच्या खतातून येणाऱ्या नत्रावर हेक्टरी 170 किलोंची मर्यादा घातली. नेदरलँड्सच्या गवताळ शेतीला 2006 पासून 250 किलोंपर्यंत सवलत मिळाली. परंतु पाण्याची अपेक्षित सुधारणा न झाल्याने ती टप्प्याटप्प्याने काढून घेण्याचा निर्णय 2022 मध्ये झाला. सवलतीच्या आधारे गोठे वाढविलेल्या शेतकऱ्यांना हा आघात सोसावा लागला. सवलतीबरोबरच पाण्याची मोजणी जाहीरपणे चालू असावी व सुधारणा न दिसल्यास वेळीच सावध करता यावे, हा यातील धडा होय.

भातसेच्या खोऱ्यात अशी मोजणी अवघड नाही. पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची भारतीय मानकाप्रमाणे मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे. वाशिंद परिसरातील विहिरी व ओढे यांचे नमुने लावणीपूर्वी, खत दिल्यानंतर आणि पावसाच्या अखेरीस घेतले, तर कोणत्या शिवारातून किती नत्र नदीला मिळते याचे चित्र काही वर्षांत स्पष्ट होईल. रब्बीतील भेंडी व काकडीसारख्या पिकांचा वाटा भातापेक्षा निराळा असू शकेल व तोही वेगळा मोजता येईल. हे कार्य विद्यापीठांच्या विभागांना व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज हाती घेता येण्याजोगे आहे.

राबाच्या वादात 1878 चा कायदा आणि 1912 चा प्रबंध यांच्यामध्ये 34 वर्षे गेली. तेवढा काळ शेतकऱ्याने न मोजलेल्या दोषाची शिक्षा भोगली आणि जंगलालाही पूर्ण संरक्षण मिळाले नाही. खतांच्या बाबतीत तीच चूक पुन्हा होऊ द्यावयाची नसेल, तर कागदांची संख्या कमी करून पाण्याच्या नमुन्यांची संख्या वाढविणे हाच मार्ग उरतो. वाशिंदच्या शेतकऱ्याला जो भार हलका होईल, त्याच्या बदल्यात पिशाच्या बंधाऱ्याशी पोहोचणारे पाणी निर्मळ राहिले पाहिजे. आणि ते निर्मळ राखल्याचे श्रेय व मोबदला यांत वाशिंदच्या शेतकऱ्याचाही वाटा असला पाहिजे.