पगारातून पोचलेला प्रचार

इ.स.पू. 90च्या सुमारास इटलीतल्या मित्रजमातींनी रोमविरुद्ध शस्त्र उपसलं आणि लगोलग स्वतःची चांदीची नाणी पाडली. त्यांतल्या एका नाण्यावर बैलाने लांडग्याला शिंगांखाली घेतलं आहे. बैल म्हणजे इटली, लांडगा म्हणजे रोम. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं, त्यालाही हे कळत होतं.

रोमन सेनापतींनी हा धडा चांगलाच गिरवला. डेनारियस हे जेमतेम चार ग्रॅमचं चांदीचं नाणं. सैनिकांचा पगार त्यातूनच होई. त्यामुळे नाण्यावरचा मजकूर थेट तलवार धरणाऱ्या हातात पडे. इ.स.पू. 49 मध्ये यादवी युद्ध पेटल्यावर ज्युलियस सीझरने नाण्यावर हत्ती घेतला, आणि खाली ठसठशीत आपलं नाव. इ.स.पू. 44 उजाडलं तेव्हा रोमच्या नाण्यावर खुद्द त्याचाच चेहरा झळकला. जिवंत रोमन माणसाला तिथल्या टांकसाळीने हा मान कधी दिला नव्हता. अनेकांना त्यात राजेशाहीचा वास आला. 15 मार्चला सीझरचा खून झाला.

खरी गंमत पुढे आहे. मारेकऱ्यांचा म्होरक्या ब्रूटस याने इ.स.पू. 43-42 मध्ये फौजेसाठी जे डेनारियस पाडलं, त्याच्या मागच्या बाजूला दोन खंजीर आहेत, मध्ये गुलामीतून सुटलेल्याची टोपी आणि खाली खुनाची तारीख. खुनाची एवढी उघड जाहिरात दुसरी सापडणं कठीण! पण पुढच्या बाजूला? तिथे ब्रूटसचाच चेहरा. हुकूमशहाला संपवणाऱ्याने हुकूमशहाचीच रीत उचलली होती. इ.स.पू. 42च्या ऑक्टोबरात फिलिपीच्या लढाईत हरल्यावर त्याने आत्महत्या केली.

सीझरचा वारस ऑक्टेव्हियन याहून धूर्त. नाण्यांवर तो स्वतःला ‘देवाचा पुत्र’ म्हणवत असे. सत्तेसाठी झगडणारा रोमन प्रतिस्पर्धी मार्क अँटनी याला हरवल्यावर त्याने नाण्यावर मगर कोरून ‘इजिप्त जिंकला’ असं लिहिलं. हरलेल्या रोमन माणसाचं तिथे नावही नाही. यादवीचा विजय असा परक्यांवरचा विजय ठरला.

अँटनीची नाणी मात्र त्याला पुरून उरली. ऑक्टेव्हियनशी झालेल्या ॲक्टियमच्या लढाईआधी अँटनीने एकेका पलटणीच्या क्रमांकाची, लढाऊ गलबताचं चित्र असलेली नाणी पाडली होती. चांदीत भेसळ असल्याने ती फारशी कुणी साठवून ठेवली नाहीत, वितळवलीही नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या ती बाजारात फिरत राहिली. जवळपास दोनशे वर्षांनी सम्राट मार्कस ऑरेलियस आणि लुशियस व्हेरस यांच्या काळात सहाव्या पलटणीचं तेच नाणं पुन्हा पाडलं गेलं, अँटनीच्या नावासकट.