किडनीची रक्तवाहिनी अरुंद झाली, तर स्टेंट टाकावाच लागतो का?

डॉप्लर सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'रीनल आर्टरी स्टेनोसिस' हे शब्द दिसले की घरचे लगेच विचारतात, "डॉक्टर, स्टेंट कधी टाकायचा?" बहुतेक रुग्णांना स्टेंट लागत नाही. नियमित औषधे आणि वेळेवर तपासण्या मात्र लागतातच.

नेमके काय होते?

रक्तवाहिनी अरुंद झाली की किडनीला रक्त कमी मिळते. सगळ्या शरीराचाच रक्तदाब घटला असे समजून किडनी रेनिन हे द्रव्य सोडते आणि बीपी वाढतो. उतारवयात याचे नेहमीचे कारण म्हणजे रक्तवाहिनीत साचलेले चरबीचे थर. तरुण वयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, ताकायासू आजार (रक्तवाहिन्यांना येणारी सूज) किंवा रक्तवाहिनीच्या भिंतीतील दोष हे कारण असू शकते.

शंका कधी घ्यावी?

- तिशीच्या आत किंवा पंचावन्ननंतर बीपी अचानक खूप वाढणे
- तीन औषधे घेऊनही बीपी आटोक्यात न येणे
- फुप्फुसांत वारंवार अचानक पाणी भरून दम लागणे
- टेलमिसार्टन किंवा रॅमिप्रिल सुरू केल्यावर क्रिएटिनिन बरेच वाढणे

उपचार

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या 'कोरल' या अभ्यासात चरबीमुळे रक्तवाहिनी अरुंद झालेले नऊशेहून अधिक रुग्ण होते. औषधांच्या जोडीला स्टेंट टाकूनही हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा किडनी बिघडण्याचे प्रमाण लक्षणीय कमी झाले नाही. म्हणून आधी बीपीची औषधे, कोलेस्टेरॉलची गोळी, शुगरवर नियंत्रण आणि बिडी-सिगारेट, खर्रा पूर्ण बंद. फुप्फुसांत वारंवार पाणी भरत असेल, औषधांनी बीपी उतरत नसेल किंवा किडनी झपाट्याने बिघडत असेल, तर स्टेंटचा विचार होतो. रक्तवाहिनीच्या भिंतीत दोष असेल तर अनेकदा फुग्याने रुंद करणे पुरते. ताकायासूमध्ये आधी सूज कमी करावी लागते.

नागपूरच्या उन्हाळ्यात जपा

टेलमिसार्टन, रॅमिप्रिल ही चांगली औषधे आहेत. पण दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील, किंवा किडनी एकच असेल, तर त्यांनी किडनीचे काम अचानक मंदावू शकते. म्हणून गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासा.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, शरीरातले पाणी कमी होते आणि हा धोका वाढतो. उलट्या-जुलाब झाले किंवा ऊन लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. काही दिवस गोळी थांबवावी लागू शकते, पण ते डॉक्टरांना विचारूनच. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक परस्पर आणू नका. लघवी खूप कमी झाली किंवा दम लागला, तर थेट कॅज्युअल्टी गाठा.

पुढच्या भेटीला येताना बीपीची वही, जुने क्रिएटिनिनचे रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत आणा. स्टेंट हवा की नको, हे ठरवताना त्यांचा मोठा उपयोग होतो.